आफ्केच्या खिडकीतली सहा झाडं

"आई, ही तिसरी खेप," रेन्स्के म्हणाली आणि खिडकीच्या फळीवरची कुंडी उचलून तिने थेट आईच्या नाकासमोर धरली. "हे बघ. कुजलंय. सक्युलंट कुजलंय! वाळवंटात जगणारं झाड तू घरात बसून बुडवून मारलंस."

"मी कशाला मारू?" आफ्के म्हणाली. "तीन आठवड्यांतून एकदा अर्धा कप पाणी. वर एक थेंब नाही."

"मग ही माती अशी चिखलासारखी का झालीये?"

"ते मातीला विचार. मला वाटतं, या आठवड्यात तर मी पाणी घातलेलंच नाही."

"'वाटतं' ना?" रेन्स्केने कुंडी खाली ठेवली आणि आवाज मऊ केला. तिचा आवाज मऊ झाला की आफ्केचं डोकं तापायचं. "आई, 'वाटतं' म्हणजेच विसर. डॉक्टरसुद्धा हेच म्हणतात."

"कुठला डॉक्टर?"

"सगळेच."

आफ्के शहात्तर वर्षांची. ग्रोनिंगन शहराच्या उत्तरेला, कालव्याकाठच्या त्या गावात ती लग्न होऊन आली तेव्हापासून याच घरात राहत होती. रस्त्याकडेची मोठी खिडकी, पडदे कायम उघडे, कारण पडदे ओढून बसायला आपण काय चोऱ्या करतो? खिडकीच्या फळीवर सहा कुंड्या, एकसारख्या, दोन-दोनच्या तीन जोड्या. येणारा-जाणारा आधी खिडकी बघणार आणि मग ठरवणार की आतलं माणूस धड आहे का नाही. दुसऱ्या बायका जेरेनियम ठेवायच्या. आफ्के मरेपर्यंत ठेवणार नव्हती. जेरेनियमच्या मागे जाऊन बसली म्हणजे म्हातारी संपली, असंच इथे धरून चालतात. म्हणून तिने जाड पानांची, ठेंगणी, हट्टी सक्युलंट निवडली होती. कुणाकडे काही मागत नाहीत, ऊन मिळालं तर ठीक, नाही मिळालं तरी ताठ. तिला ती स्वतःच्या स्वभावाची वाटायची.

आणि तीच नेमकी मरत होती. एप्रिलमध्ये आफ्केचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, पाच आठवडे ती बाहेर होती. जूनमध्ये काठी टेकत परत आली, काठी पंधरा दिवसांत माळ्यावर टाकली. तेव्हापासून आता ऑक्टोबर उजाडला, आणि तेवढ्यात अठरा झाडं गेली होती. जुनी सहा गेली, बाजारातून आणलेली सहा गेली, आणि आता ही सहा.

खरं सांगायचं तर प्रश्न झाडांचा नव्हताच. रेन्स्केने हमरस्त्याजवळच्या वृद्धांच्या इमारतीत एक खोली बघून ठेवली होती. तिसरा मजला, लिफ्ट, संध्याकाळचं जेवण साडेपाचला, खिडकीतून गाड्यांचा तळ. नगरपालिकेच्या बाई घरी येऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, म्हातारं माणूस एकटं राहू शकतं का ते ठरवणार होत्या. त्या बोलण्याला सरकारी नावच 'स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बोलणं' असं आहे. कॉफी आपली, बिस्कीट आपलं, आणि आपल्याच टेबलावर निकाल आपल्याविरुद्ध.

"दहा दिवसांनी बुधवारी त्या येतायत," रेन्स्के म्हणाली. "दारातून शिरल्या की आधी काय बघतील? खिडकी. म्हणून मी हे आणलंय."

तिने पिशवीतून सहा झाडं काढली. हिरवीगार, पानांच्या टोकांना गुलाबी छटा, एकावर तर खोटं दवसुद्धा चिकटवलेलं. प्लास्टिक.

"काढ ते," आफ्के म्हणाली.

"आई, आजकाल सगळे ठेवतात. माझ्या ऑफिसात ठेवलीत, कुणाला कळतसुद्धा नाही. पाणी नको, आठवण नको. धूळ पुसली की झालं."

"मला कळतं ना! माझ्या खिडकीत मेलेलं चालेल, पण कधी जिवंतच नव्हतं असलं चालणार नाही."

"बाईंना काय सांगशील मग? वाळवंटातलं झाड तीनदा बुडवलं म्हणून?"

तिथेच आफ्के हरली. रेन्स्केने कुजलेली झाडं हिरव्या कचरापेटीत टाकली, सहा कुंड्यांत खडी भरून प्लास्टिक रोवलं, आईच्या गालावर तीन पाप्या दिल्या आणि ती उत्रेख्तची ट्रेन पकडायला गेली. जाताना छत्री विसरली. ती परत घ्यायला आली तेव्हा मोबाइल टेबलावर सापडला.

आफ्के खिडकीकडे पाठ करून बसली. रागाने तिचे कान लाल झाले होते. पण रागाच्या खाली भीती होती, आणि ती तिने कुणाला दाखवली नव्हती. खरंच आपण विसरत असू तर? तिकडच्या रीतीप्रमाणे संडासात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर, मावसबहिणीच्या वाढदिवसाखाली, ती पाणी घातल्याची तारीख लिहायची. रोज दिवसातून चार वेळा तिथे जावं लागतं, तेव्हा नजरेतून सुटायचा प्रश्नच नव्हता. कॅलेंडर म्हणत होतं, पाणी घातलं नाही. माती म्हणत होती, घातलं. आणि माती खोटं कशाला बोलेल?

तिने शेजाऱ्यालाही विचारून पाहिलं होतं. वुब्बो, वय एकोणऐंशी, अडतीस वर्षं कालव्याचा उचलता पूल सांभाळून निवृत्त झालेला. दिवसाला चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन कोंबड्यांशी. आफ्के इस्पितळात होती तेव्हा घराची किल्ली त्याच्याकडे होती, अजूनही होती. किल्लीची गरजही नव्हती म्हणा, मागचं दार दिवसा कुणीच लावत नाही.

"शेजारी," तिने कुंपणावरून हाक मारली होती, "माझी झाडं का कुजतात हो?"

वुब्बोने विचार केला. "पाणी जास्त होतंय, शेजारीणबाई."

"मलाही तेच वाटतं."

"हं," वुब्बो म्हणाला आणि कोंबड्यांकडे वळला.

रविवारी प्लास्टिक आलं. गुरुवारी आफ्के फडकं घेऊन त्याची धूळ पुसायला गेली. मनातल्या मनात रेन्स्केला शिव्या घालत तिने पहिली कुंडी उचलली, आणि आतून डुबुक असा आवाज आला. खडीच्या खाली पाणी होतं. दुसऱ्या कुंडीत पाणी. सहाच्या सहा कुंड्यांत पाणी.

आफ्के मटकन खुर्चीत बसली. खऱ्या झाडाला दोनदा पाणी घालणं वेगळं. ते काय, कुणाच्याही हातून होतं. पण प्लास्टिकला? देवा, आपण चालता-बोलता प्लास्टिकला पाणी घातलं आणि आपल्याला पत्ताही नाही? तिला रडू फुटलं. मग तिने नाक पुसलं, न मोजता कुंड्या भराभर मोरीत ओतल्या, पाण्याची झारी उचलून कपाटात हिवाळी ब्लँकेटांखाली कोंबली आणि कपाटाची किल्ली कॉफीच्या डब्यात टाकली.

"बघतेच कोण मला इथून हलवतं ते," ती कपाटाला म्हणाली.

पुढचे पाच दिवस तिने परीक्षेची तयारी केली. आजची तारीख, वार, गेल्या रविवारी काय जेवलं, शंभरातून सात-सात वजा करत खाली. गावातली सगळी घरं, क्रमाने, मालकांच्या नावांसकट, त्यांच्या भानगडींसकट. बुधवारी सकाळी साडेनऊचा खुब्याच्या व्यायामाचा वर्ग असायचा, तो तिने जूनपासून एकदाही चुकवला नव्हता. या बुधवारी बाई येणार म्हणून तो बुडवला आणि केस नीट बसवून घेतले.

नगरपालिकेच्या बाईंचं नाव अनेलीस. बोलायला गोड, चाळिशीच्या, मांडीवर कागदांची चळत. रेन्स्के आधीच्या ट्रेनने येऊन बसली होती. आफ्केने कॉफी ओतली, प्रत्येकीला एक-एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला.

"आज वार कोणता, आफ्केबाई?" अनेलीसने हसून विचारलं.

"बुधवार. आणि तुम्ही सात मिनिटं उशिरा आलात."

अनेलीसने लिहिलं. "जेवण स्वतः करता?"

"नाही तर कोण करणार? काल वाटाण्याचं सूप केलं. चमचा उभा राहील असं. खायचंय?"

"पडण्याची भीती वाटते?"

"पडले होते ती ओल्या पायरीवर. ओल्या पायरीवर तुम्हीही पडाल."

एकेक उत्तर असं खणखणीत जात होतं. अनेलीस मान डोलवत होती. आफ्केची छाती फुगली. तेवढ्यात रेन्स्केने घसा खाकरला. "मला तक्रार करायची नाही, आई, पण सांगायला हवं. आई पाणी घातलेलं विसरते. परत घालते. अठरा झाडं गेली. शेवटी मी प्लास्टिकची आणून ठेवली."

"अगं बाई, प्लास्टिकची आहेत का ती?" अनेलीस उठली. "किती खरी दिसतात!" ती खिडकीपाशी गेली आणि तिने कौतुकाने एक कुंडी उचलली. वजनाने हात खाली गेला, कुंडी कलली आणि कपभर पाणी बाईंच्या स्कर्टवरून बुटात गेलं.

आफ्के मनात हिशेब करू लागली. ही एक कुंडी गुरुवारी ओतायची राहून गेली होती का? का परत घातलं? झारी तर ब्लँकेटांखाली आहे. म्हणजे कपाने घातलं असेल. ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"आफ्केबाई," अनेलीस हळूच म्हणाली, "तुम्ही यांना पाणी घालता?"

'आठवत नाही' म्हटलं की खेळ खलास. आफ्केने हनुवटी वर केली.

"घालते," ती म्हणाली.

"आई!"

"काय आई? घालते. माझी खिडकी, माझ्या कुंड्या, नळ माझा."

"पण का?" अनेलीसने विचारलं.

"जड राहावीत म्हणून. प्लास्टिकला वजन नसतं. वाऱ्याने पडतात."

अनेलीसला ते पटत चाललंय असं दिसलं. तिने पेन टेकवलंसुद्धा. पण रेन्स्के रडकुंडीला आली होती. "आई, खिडकी सप्टेंबरपासून बंद आहे. वारा कुठून येणार? कबूल कर ना! कुणी तुला रागावणार नाही."

"मी कबूल करायला पोलीस ठाण्यात बसलेय का? प्लास्टिकला पाणी घालू नये असा कायदा दाखव मला. सरबत घालीन, नाहीतर वाटाण्याचं सूप ओतीन!"

अनेलीस आता भराभर लिहीत होती. आफ्केला उलटी अक्षरं वाचता येत नव्हती, पण ओळी लांब होत्या, आणि चांगल्या गोष्टी लिहायला इतक्या लांब ओळी लागत नाहीत.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. लाकडी बूट पायरीवर काढल्याचा आवाज आला, आणि पायमोजे घातलेला वुब्बो आत आला. एका हातात त्याची स्वतःची हिरवी झारी, दुसऱ्या हातात कान तुटलेला कप.

"मोय," तो सगळ्यांना म्हणाला. त्या भागात सकाळ, दुपार, लग्न, मयत, सगळ्याला एवढंच म्हणतात.

मग तो टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी गेला. पहिल्या कुंडीला कप भरून पाणी घातलं. दुसऱ्या कुंडीला घातलं. तिसऱ्या कुंडीसाठी अनेलीस बाजूला सरकली, कारण ती वाटेत उभी होती. अनेलीसच्या हातातली कुंडी त्याने हळूच काढून घेतली, जागेवर ठेवली, तिलाही कपभर पाणी दिलं. सहाव्या कुंडीतून पाणी ओसंडून फळीवर सांडलं, ते त्याने बाहीने पुसलं.

आफ्केच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी नव्हते! मी नव्हतेच! ती एक कुंडी गुरुवारी ओतायची राहिली, एवढंच! तिला उठून नाचावंसं वाटलं, नवा खुबा जुना खुबा दोन्ही घेऊन. पण अनेलीसने नवा कोरा कागद वर घेतला होता आणि ती वुब्बोकडे बघत होती, तोच गोड चेहरा करून.

"काका, तुमचं वय काय?" ती म्हणाली. "तुम्ही एकटेच राहता का?"

आफ्केच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आपण सुटलो आणि त्याला धरणार? त्याच्या कोंबड्या तिसऱ्या मजल्यावर कुठे ठेवणार?

"त्यांचं वय लिहायचं नाही," ती उभी राहून म्हणाली. "तो कागद खाली ठेवा. मीच सांगितलंय त्यांना. आम्ही दोघं मिळून घालतो प्लास्टिकला पाणी. या गल्लीत अशीच पद्धत आहे."

वुब्बोने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही नाही सांगितलं, शेजारीणबाई."

"गप्प बसा हो, मी तुम्हाला वाचवतेय!"

"काका," अनेलीस म्हणाली, "ही झाडं खरी आहेत की खोटी?"

"खोटी," वुब्बो म्हणाला. "मला डोळे नाहीत का? गेल्या बुधवारी पाणी खाली मुरेना, तेव्हाच कळलं."

"मग पाणी का घालता?"

वुब्बोने टोपी काढली. टोपीच्या आतल्या पट्टीत चौघडी घातलेला कागद होता, तो त्याने टेबलावर उलगडून ठेवला. "चिठ्ठीत खऱ्या-खोट्याचं काही लिहिलेलं नाही."

सगळ्यांनी वाकून वाचलं. 'प्रिय वुब्बोकाका, दर बुधवारी दहा वाजता खिडकीतल्या प्रत्येक कुंडीला एक कप पाणी घालाल का? मी कळवेपर्यंत. रेन्स्के.' खाली एप्रिलची तारीख होती.

वुब्बो हा असा माणूस होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा 'सांगेपर्यंत पूल वर ठेव' असा निरोप आला आणि निरोप देणारा साहेब घरी जाऊन जेवला आणि झोपला. अर्धं गाव अलीकडे, अर्धं पलीकडे, दुपारभर एकमेकांना हात करत बसलं. वुब्बोने पूल खाली घेतला नाही.

"पण आई तर जूनमध्येच घरी आली!" रेन्स्के ओरडली. "तुम्हाला दिसली नाही?"

"दिसल्या. पण बुधवारी सकाळी घरी नसतात. मला वाटलं, म्हणूनच तू बुधवार ठरवलास."

"आणि मी विचारलं होतं तुम्हाला!" आफ्के म्हणाली. "झाडं का कुजतात म्हणून!"

"मी सांगितलं होतं. पाणी जास्त होतंय."

आफ्के हळूच आपल्या लेकीकडे वळली. असा क्षण आयुष्यात एकदा येतो आणि तिला घाई नव्हती.

"रेन्स्के," ती म्हणाली, आवाज अगदी मऊ करून. "तू कळवलं नाहीस वाटतं?"

रेन्स्केचा चेहरा खोट्या पानांच्या टोकांसारखा गुलाबी झाला. "मी... मला वाटतं मी फोन केला होता."

"'वाटतं' ना?" आफ्के म्हणाली.

अनेलीसने ओला बूट काढून त्यातलं पाणी मोरीत ओतलं. मग आधी लिहिलेल्या लांब ओळींवर तिने एक आडवी रेघ मारली, खाली चार शब्द लिहिले आणि या वेळी कागद आफ्केकडे वळवून दाखवला. 'सध्या कशाचीही गरज नाही.' मग पेन तसंच हातात धरून तिने रेन्स्केला विचारलं, "तुमचं असं बरेचदा होतं का?"

आफ्केने बिस्किटांचा डबा उघडला आणि टेबलाच्या मधोमध तसाच उघडा ठेवला. त्या घरात हे याआधी फक्त नवऱ्याच्या मयताला झालं होतं. वुब्बोने दोन घेतली.

"वुब्बोकाका," रेन्स्के शेवटी पुटपुटली, "पाणी थांबवा आता."

"कळवलंस?"

"कळवलं."

वुब्बोने चिठ्ठीचे दोन तुकडे केले, कप उचलला आणि 'मोय' म्हणून तो कोंबड्यांकडे गेला.

त्या संध्याकाळी आफ्केने सहाही प्लास्टिकची झाडं खडीतून उपटली, पुसली, त्याच पिशवीत भरली आणि पिशवी रेन्स्केच्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव. पाणी नको, आठवण नको. धूळ पुसली की झालं." रेन्स्केने निमूट घेतली. शनिवारच्या बाजारातून आफ्केने नवी सहा आणली, दोन-दोनच्या जोड्या, ठेंगणी आणि हट्टी. दर चौथ्या दिवशी ती मातीत बोट घालून बघायची. माती कोरडी ठणठणीत असायची, आणि आफ्केचा जीव सुखावायचा.

पुढे एका रविवारी रेन्स्केचा फोन आला. बराच वेळ ती हवेबद्दल बोलली.

"ती झाडं कशी दिसतात गं तुझ्या खिडकीत?" आफ्केने विचारलं.

"आई, ती पिशवी... मी ट्रेनमध्येच विसरले."

आफ्केने खिडकीतल्या सहा कुंड्यांवरून नजर फिरवली. मग तिने खुर्ची ओढून घेतली आणि नीट टेकून बसली.

"काही हरकत नाही, बाळ," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात मी येते तुझ्याकडे. तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जरा बोलू."